दोन जिन्यांमधली आत्या

चांगल्या कादंबरीचा दुसरा भाग लिहिणाऱ्या लेखकाला सरकारनं काही ना काही शिक्षा ठेवली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. फार मोठी नको. महिनाभर आमच्या वाचनालयात आणून बसवावं, पुरे. पंखा नाही, खिडकीसमोर सरकीचं गोदाम, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी दारातूनच विचारणार, पेपर आला काय. वाचनालय नगरपालिकेचं आहे आणि मी तिथला ग्रंथपाल. ग्रंथपाल म्हणजे सकाळी झाडू मारणं, पेपर कोणी घरी नेऊ नये म्हणून तो टेबलाला दोरीनं बांधणं, आणि संध्याकाळी दोरीसकट कोणी नेला त्याचा शोध घेणं. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथंच राहायचं आहे. कारंज्याहून मोटारीनं फार लांब नाही आणि धनजचे लोक आमच्याकडे बाजाराला येतात, एवढ्यावर ज्याला ओळखायचं त्यानं ओळखावं.

कादंबरीचं नाव 'दोन जिने चढून'. लेखक पुण्याचे. त्यांचंही नाव मी सांगणार नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे; ते माझ्या तोंडून निघत नाही. गोष्ट साधी होती. दिनकर नावाचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला येतो आणि दोन जिने चढून वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. मधल्या मजल्यावर घरमालक आणि त्याची मुलगी कुमुद. मग जिन्यात धक्का लागतो, छत्र्या बदलतात, चिठ्ठी भलत्याच्याच हाती पडते, आणि शेवटी सगळं होऊन लग्न. बहात्तर साली ही कादंबरी आमच्या गावानं अशी डोक्यावर घेतली की दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बाया एकमेकींना विचारायच्या, दिनकरची छत्री सापडली काय.

आता या बायांना वाचता येत नव्हतं. मग त्यांना छत्री कशी कळली? तीच तर माझी कर्मकहाणी आहे.

त्या वर्षी लखमीचंद शेठच्या बायकोचं, पानाबाईंचं, अकोल्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यांना ताण द्यायचा नाही, पडून राहायचं. पडून राहून शेठाणी वैतागल्या. शेठ आमच्या वाचनालय समितीचे अध्यक्ष. त्यांनी निरोप धाडला की दुपारी वाचनालय बंद असतं तेव्हा येऊन काहीतरी वाचून दाखवत जा. अध्यक्षांचा निरोप म्हणजे हुकूमच. हाताला लागली ती कादंबरी घेऊन मी गेलो. पडवीत खाटेवर शेठाणी, खाली शेजारच्या चार बाया, आणि खांबाला टेकून डाळ निवडत बसलेल्या भागिरथीबाई.

भागिरथीबाई शेठच्या थोरल्या बहीण. तेराव्या वर्षी लग्न होऊन गेल्या आणि पंधराव्या वर्षी कपाळ पुसून भावाकडे परत आल्या, त्या तिथल्याच झाल्या. घरात सगळ्यांच्या आधी उठायचं आणि सगळ्यांच्या नंतर जेवायचं. त्यातून आम्ही जैन, सूर्य बुडाल्यावर जेवत नाही, म्हणजे त्यांचं जेवण रोज पळतापळता. माझी आई त्या घरी पापड लाटायला जायची, त्यामुळे मी त्यांना लहानपणापासून पाहत आलो होतो. हसताना कधी पाहिलं नव्हतं.

इथं मला आमच्या एका रिवाजाबद्दल सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही मला सरळ खोटारडा म्हणाल. आमच्या मंदिरात चातुर्मासात शास्त्र वाचतात. वाचणारा एक ओळ वाचतो आणि तिचा अर्थ दहा ओळींत समजावून सांगतो. मग पुढची ओळ. ऐकणाऱ्याला ओळ कुठं संपली आणि अर्थ कुठं सुरू झाला हे कळत नाही, आणि कळायचं कारणही नसतं. सांगितलं ते सगळं शास्त्रातलंच. अकरा वर्षं मी मंदिरात हे वाचन करत होतो. गावात माझी जी काही इज्जत होती ती तेवढीच. पगार नावापुरता, घर भाड्याचं, सायकलला चेनगार्ड नाही, पण शास्त्र वाचावं तर शांतीलालनं, असं म्हातारेकोतारे म्हणायचे. तर माझ्या जिभेला वळणच ते. कादंबरीही मी तशीच वाचायला लागलो. बायाही तशाच ऐकायला लागल्या.

त्रेचाळिसाव्या पानावर एक वाक्य होतं. 'इतक्यात आत्याबाई चहा घेऊन आल्या आणि ट्रे ठेवून आत गेल्या.' एवढंच. आधी आत्या नाही, नंतर आत्या नाही. मी वाचून पुढं निघालो, तर खांबाकडून आवाज आला. भागिरथीबाईंनी विचारलं, ही कोण आत्या? मी म्हटलं, कुमुदची आत्या, म्हणजे घरमालकाची बहीण, भावाकडे राहते. त्यांचा डाळीतला हात थांबला.

"अन् चहा ठेवून गेल्ली? काहीच बोलली नाही?"

त्यांनी असं विचारलं की नाही म्हणणं मला जमलं नाही. मी म्हटलं, बोलली ना. ती दिनकरला म्हणाली, "चहा प्याचा असन तं प्या बावा, पोरीकडे पाहून पाहून थंडा काहून करता?" झालं. भागिरथीबाई हसल्या. पदर तोंडात कोंबून, खांबाला डोकं टेकवून हसल्या. शेठाणी एका डोळ्यावरची पट्टी सावरत त्यांच्याकडे पाहत राहिल्या. आणि मला, चाळीस वर्षांच्या संसारी माणसाला, असा काही आनंद झाला की घरी जाताना मी सायकल शेठच्या दारातच विसरलो.

त्यानंतर आत्या थांबली नाही. आत्यानं दिनकरचे बूट ज्वारीच्या कोठीत लपवले, म्हणजे तो अनवाणी जाणार कुठं. कुमुदला पाहायला आलेल्या लठ्ठ वकिलाला आत्यानं सांगितलं की पोरगी गुणाची आहे, फक्त अमावास्येला माणसं ओळखत नाही. पुण्याच्या पेठेतली ही बाई कांदालसूण खात नव्हती, सूर्यास्ताच्या आत जेवत होती आणि काहून, कायले, मले, तुले असं अस्सल वऱ्हाडी बोलत होती. एकाही बाईला यात काही वावगं वाटलं नाही. चारच्या चाळीस बाया झाल्या. लेखकाच्या दिनकर-कुमुदला मी दहा मिनिटांत उरकायचो आणि तासभर आत्या.

एक दिवस मात्र मला काय झालं कोण जाणे. कुमुदचं लग्न वकिलाशी ठरतं असा प्रसंग होता. मी आत्याला भावासमोर उभं केलं आणि तिच्या तोंडून म्हणवलं, "तीस वर्सं मी या घरात भाकरी थापल्या. एका गोष्टीत तरी मले विचारलं काय तुनं? आज मी विचाराच्या आधीच सांगतो, हे लग्न होत नाही." भागिरथीबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्याच आठवड्यात शेठच्या मोठ्या मुलीला रिठद गावचं स्थळ आलं होतं. भागिरथीबाई भावाला म्हणाल्या, मी पोराशी बोलून पाहीन, मगच होकार. शेठ चकित झाले, पण पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार. बोलून पाहिलं तर मुलाला एका कानानं ऐकू येत नव्हतं आणि त्यांनी ते लपवलं होतं. स्थळ मोडलं. तेव्हापासून त्या घरात भागिरथीबाईंना विचारायची पद्धत पडली. हे माझ्या आत्यानं केलं. मी आयुष्यात दुसरं काही केलं असेल तर मला तरी आठवत नाही.

कादंबरी संपली, दुसरी पुस्तकं आली, पण आत्या कोणी विसरलं नाही; अशी चार वर्षं गेली. शहात्तर साली पेपरात जाहिरात आली, 'दोन जिने चढून' या लोकप्रिय कादंबरीचा पुढचा भाग, 'दोन जिने उतरून'. नावावरूनच मी ओळखायला हवं होतं. पण गावात लग्नघर असल्यासारखं वातावरण. शेठनं स्वतः अमरावतीहून दोन प्रती मागवल्या. एक वाचनालयाला आणि एक त्यांच्या नव्या सुनेला. सून तारामती अमरावतीची, मॅट्रिक पास, शाळकरी धाकटी पोरगी सोडली तर त्या घरात वाचता येणारी पहिली बाई. पहिल्या दुपारी ती आपली प्रत घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली आणि मी वाचत असलेल्या ओळीवर तिनं बोट ठेवलं. मी पुढच्या ओळीवर गेलो, बोट पुढच्या ओळीवर.

म्हणून नाइलाजानं मी छापलं होतं तसं वाचलं. अरे काय ते पुस्तक. दिनकर आणि कुमुद तळमजल्यावर राहायला गेलेले. तो घरी येतो आणि प्रॉव्हिडंट फंडाबद्दल बोलतो. ती त्याला सिमेंटच्या परमिटाचं काय झालं विचारते. मुलाला डांग्या खोकला होतो तो चाळीस पानं बरा होत नाही. गैरसमज एकच, तोही रेशनकार्डावर नाव कोणाचं आधी यावरून. माणूस पहिल्यांदा इतकं गोड लिहितो आणि चार वर्षांत त्याचं असं काय होतं, हे मला कळत नाही. त्याचंही लग्न झालं असेल. बाया जांभया द्यायला लागल्या. आणि बाराव्या पानावर वाक्य आलं, 'घरात आता ते दोघेच होते.'

भागिरथीबाई म्हणाल्या, "दोघंच? अन् आत्या कुठी गेली?"

मी तारामतीच्या बोटाकडे पाहिलं. म्हटलं, गावाला गेली असेल. तारामती फार नम्रपणे म्हणाली, काकाजी, असं इथं लिहिलेलं नाही.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. एक म्हणाली आत्या यात्रेला गेली असेल, पोहरादेवीला गर्दीत चुकली असेल. एकीनं सांगितलं की तिच्या मावसभावाच्या ओळखीचा माणूस पुण्याला आहे, त्याला तार करा. एकीला खात्री होती की आत्या मेली आणि लेखकानं ते मुद्दाम लपवलं. संध्याकाळपर्यंत पुरुषांत बातमी गेली. दुसऱ्या दिवशी वाचनालयात दाढी खाजवत येणारा प्रत्येक जण मला सल्ला देऊन गेला. कोणी म्हणालं फसवणुकीचा दावा ठोका, कोणी म्हणालं पुस्तकं परत करा. शेवटी पडवीत ठराव झाला की लेखकाला पत्र लिहायचं. आणि लिहिणार कोण? गावात लिहिणारा एकच, तो म्हणजे मी.

मी पत्र लिहिलं. मथळा बायांनी सांगितला, 'आत्याबाईंना परत आणा.' तारामती म्हणाली, आत्याचे सगळे प्रसंग लिहा, म्हणजे लेखकाला आठवेल. तर एकेक बाई सांगायला लागली आणि मी क्रमांक घालून लिहायला लागलो. मी कुठल्या दुपारी काय बोललो ते मी पार विसरलो होतो. त्यांना शब्दनशब्द पाठ. सोळा प्रसंग झाले. खरं सांगतो, लिहितालिहिता माझे डोळे भरून आले. तेव्हाच बोलून टाकायचं होतं की बायांनो, आत्या पुस्तकात नाही, ती माझी आहे. पण लगेच पुढचा प्रश्न डोळ्यांसमोर उभा राहिला. मग मंदिरात वाचतो त्यात भगवंताचं किती आणि शांतीलालचं किती? मी पुढचा क्रमांक घातला. एक्केचाळीस सह्या झाल्या, त्यातले सव्वीस अंगठे.

आता शहात्तर साल म्हणजे आणीबाणी. एक्केचाळीस जणींनी मिळून कोणाला तरी परत आणा म्हणून मागणी करायची आणि ती रजिस्टर पोस्टानं पुण्याला धाडायची, ही त्या दिवसांत साधी गोष्ट नव्हती, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पोस्टातून ती ठाण्यावर गेली की कशी ते मला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी हेडकॉन्स्टेबल हेमसिंग वाचनालयाच्या दारात. त्यांनी पेपर आला काय असं विचारलं नाही, तेव्हाच मी समजलो.

हेमसिंगनी मला ठाण्यावर बाकड्यावर बसवलं आणि विचारलं, आत्या कोण? कोणत्या पक्षाची? कुठल्या जेलात आहे? मी म्हटलं, साहेब, ती कादंबरीतली आहे. त्यांनी टेबलाच्या खणातून 'दोन जिने चढून' काढली. त्यांच्याही घरी होती. म्हणाले, दाखवा, कोणतं पान. मी त्रेचाळिसावं दाखवलं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली, मग आमचं सोळा प्रसंगांचं पत्र वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं. बाजूला शिपाई, समोर कोठडीचं दार. मी सगळं कबूल केलं. जगात हे मी सगळ्यांत आधी पोलिसांना सांगितलं.

"म्हंजे तुमी चार वर्सं बायायले झूट सांगून राह्यले होते," हेमसिंग म्हणाले. मी अर्थ सांगण्याचा रिवाज समजावून सांगायला लागलो, पण रिवाजाला कलम नसतं. त्यांनी जबाब लिहून घेतला की सदर आत्या ही स्त्री अस्तित्वात नाही, लिहून देणाऱ्यानं ती स्वतःच्या मनानं तयार केली आहे, आणि यापुढे तो तिचा उल्लेख कोणापाशी करणार नाही अशी हमी देतो. मी सही केली. पत्र मात्र त्यांनी शिक्का मारून पुढं जाऊ दिलं, कारण अस्तित्वात नसलेल्या बाईला परत आणा म्हणण्यानं शांततेचा भंग होत नाही, असं त्यांचं मत पडलं.

इकडे तारामतीला पहिली कादंबरी हवी होती. प्रसंग पडताळून पाहायचे होते तिला. वाचनालयाची प्रत मी घाईघाईनं बांधणीला दिली दिलावरकडे आणि म्हटलं, सावकाश कर. दिलावर आमच्या गावचा बाइंडर. मंदिराच्या पोथ्यांनाही तोच पुठ्ठे घालायचा. काम सुरेख, पण लग्नपत्रिकेची पाकिटं चिकटवायला द्यावीत तर ती बारशाच्या वेळी मिळावीत असा त्याचा लौकिक. या एकाच लौकिकाच्या भरवशावर मी निश्चिंत होतो. तर दिलावरनं जन्मात पहिल्यांदा तीन दिवसांत काम केलं, आणि मला त्रास नको म्हणून पुस्तक सरळ शेठच्या घरी पोचवलं.

तारामतीनं दोन दिवसांत वाचून काढलं. आत्या चहा ठेवून गेली ती गेलीच. मी घरी अंथरुणावर पडून वाट पाहत होतो की आता बोलावणं येईल. आलंही. पण पडवीत गेलो तर गुन्हेगाराच्या जागी दिलावर उभा. सगळ्यांनी मिळून निष्कर्ष काढला होता की बांधताना दिलावरनं आत्याची पानं गाळली. दिलावर बिचारा पुस्तक उघडून दाखवत होता, त्रेचाळीसनंतर चव्वेचाळीस, चव्वेचाळीसनंतर पंचेचाळीस. शेठ म्हणाले, आकडे काय, कोणीबी टाकते. तेव्हा दिलावर माझ्याकडे वळला.

"शांतीलालभाऊ, तुमी तं हे पुस्तक वाचलं हाय. तुमीच सांगा, एक तरी पान कमी हाय काय?"

मी म्हटलं, चार वर्षं झाली, नीट आठवत नाही. नंतर स्वतःची समजूत घातली की बाबा, आपण हमीपत्र लिहून दिलेलं आहे, बोलता येत नाही. मंदिराच्या पोथ्या त्या वर्षीपासून अमरावतीला बांधायला जातात. दिलावर रस्त्यात भेटला तर आधी सलाम करायचा. आता पलीकडच्या बाजूनं जातो. वाचनालयाची पुस्तकं मीच खळ लावून चिकटवतो आणि ती आठवड्यात सुटतात.

महिन्याभरात लेखकाचं उत्तर आलं. हा माणूस मोठा हुशार. त्यानं आत्या माझ्या पुस्तकात होती असंही लिहिलं नाही आणि नव्हती असंही नाही. लिहिलं की भगिनींनो, आत्याबाईंविषयीचा आपला जिव्हाळा पाहून मन भरून आलं, आत्याबाई लवकरच पुन्हा भेटतील. पत्र शेठनं काचेच्या चौकटीत लावून घेतलं.

आणि भेटल्या की. अठ्ठ्याहत्तरच्या चातुर्मासात तिसरी कादंबरी आली, 'आत्याबाईंचा जिना'. अर्पण केली होती 'विदर्भातील वाचक भगिनींस'. मी रात्री जेवण... छे, आम्ही रात्री जेवत नाही. मी पाणीही न घेता ती वाचली. सोळाच्या सोळा प्रसंग, मी क्रमांक घातले होते त्याच क्रमानं. कोठी होती, बूट होते, लठ्ठ वकील होता. फक्त आत्या शुद्ध बोलत होती आणि गोष्टीगोष्टीला डोळे टिपत होती. आणि शेवटचा, भावासमोरचा प्रसंग त्यानं बदलला होता. भाऊ लग्न ठरवतो, आत्या दाराआडून ऐकते, आपल्या बांगड्या कुमुदच्या हातात घालते आणि म्हणते, भाऊरायाच्या सुखातच माझं सुख. पेपरात परीक्षण आलं की आत्या म्हणजे त्यागाची जिवंत मूर्ती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बायकोला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती पीठ चाळत म्हणाली, मग पुस्तकावर तुमचं नाव काहून नाही? मी ठाण्यावर गेलो. म्हटलं, हेमसिंगजी, माझ्या जबाबाची नक्कल द्या, त्यात मी आत्या तयार केली असं सरकारी शिक्क्यानिशी आहे. हेमसिंगांनी मला चहा पाजला, आणि सांगितलं की त्या दिवसांचे कागद रद्दीत गेले, असते तरी मी दिले नसते. मग बाजारात दोघातिघांना मी बोलून पाहिलं. ते माझ्याकडे दयेनं पाहून हसले. एकानं तर विचारलं, महाभारतातलं काही तुमचं हाय काय?

पडवीत वाचन मात्र मलाच करायचं होतं. आणि या वेळी खुद्द लखमीचंद शेठ ऐकायला बसले, जन्मात पहिल्यांदा. त्यांना आत्या फार आवडली. कारण सांगतो. शेठच्या धाकट्या मुलीचं, दहावीत होती, रिसोडला लग्न ठरवायचं चाललं होतं. पोरीला शिकायचं होतं. भागिरथीबाई म्हणत होत्या, दोन वर्षं थांब. शेठ थांबायला तयार नव्हते. आता ते रोज एक प्रसंग झाला की लोडाला टेकूनच म्हणायचे, आयक बाई, आत्या कशी गुमान राह्यते ते. चाळीस बाया माना खाली घालून ऐकायच्या. भागिरथीबाई डाळ निवडत राहायच्या.

शेवटच्या दुपारी मी बांगड्यांचा प्रसंग वाचला. शेठनं डोळे पुसले. म्हणाले, याले म्हंते आत्या. कोपऱ्यात धाकटी पोरगी दारामागे उभी होती; तिच्या बांगड्यांचं माप द्यायला दुसऱ्या दिवशी माणूस रिसोडला जाणार होता.

"हे ते नोहे," भागिरथीबाई म्हणाल्या. सूप बाजूला ठेवून त्या सरळ माझ्याकडे पाहत होत्या. "शांतीलाल, पुस्तक बाजूले ठेव. आत्या भावाले काय म्हणाली होती ते सांग."

तारामतीचं बोट ओळीवरून उचललं गेलं. सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मला ते शब्द पाठ होते. तीस वर्सं मी या घरात भाकरी थापल्या. तोंड उघडलं की बाहेर पडतील इतके जवळ होते. शेठ लोडावरून उठून बसले. समितीचे अध्यक्ष, मंदिराचे विश्वस्त, आणि उद्यापासून पर्युषण सुरू, शास्त्र मी वाचणार होतो. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

म्हटलं, "पुस्तकात असंच आहे, बाई."

"पुस्तकात काय हाय ते मले तवाबी ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तू अर्धा अर्धा घंटा बोलत होता अन् पान पलटवत नव्हता. मले वाचता येत नाही, शांतीलाल. पण दिसते."

त्यांनी सूप उचललं आणि त्या आत गेल्या. दारामागची पोरगी त्यांच्या मागोमाग गेली. शेठनं लोड नीट केला आणि म्हणाले, हं, पुढं वाच.

मी पान उलटलं आणि पुढं वाचायला लागलो.